फुकट केलेलं काम

मैलूर, बीदर
ता. १२ फेब्रुवारी २०२५

चि. विजयश्रीस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरी आहोत. नलिनीचा गुडघा कुरकुरतोय, नळाला चार दिवसांआड पाणी येतंय. खटकचिंचोळीच्या तुझ्या घरून दरवर्षी येणारा हुरडा यंदा आला नाही. का, ते तुला ठाऊक आहे.

तुझा राजीनामा मिळाला. दोनच ओळी! आपल्या मुलींच्या वसतिगृहात होतीस तेव्हा साध्या अर्जालाही चार पानं भरायचीस. आता संस्थेची मुख्य कार्यकारी अधिकारी झालीस आणि मला ‘मा. अध्यक्ष’ लिहितेस. रविवारच्या बैठकीत तो मंजूर करायचा की नाही, हे मला सांगायचं आहे.

आधी तुझाच राग आला. चार बायका बोलल्या म्हणून कोणी असं उठून जातं का? रोज मूठभर ज्वारी बाजूला काढून त्यांनी हे वसतिगृह पस्तीस वर्षं जगवलं, तूही त्याच भाकरीवर शिकलीस. त्या विचारणारच. त्यांच्यातल्या चंद्रभागाबाई भर सभेत उठून म्हणाल्या, “आमी मूठ पोरींच्या भाकरीसाठी काढायलाव. हिला म्हयन्याला नव्वद हजार कामून? अप्पांनी कदी रुपया घेतला न्हाई!” टाळ्या पडल्या. मग त्यांनी विचारलं, “ह्यो आकडा ठरविला कोण?”

तू माझ्याकडे पाहिलंस. मी चष्मा पुसत होतो. तू पुन्हा पाहिलंस. चष्मा स्वच्छच होता, पोरी.

तीन वर्षांपूर्वी मीच हैदराबादला तुझ्या घरी आलो होतो. दीड लाखाची नोकरी सोडून तू साठ हजारांत यायला तयार होतीस. तुझ्या आईचं औषधपाणी पाहून नव्वद मी लिहिले. वर म्हणालो, कोणी विचारलं तर मी आहे. विचारलं, तेव्हा मी गप्प बसलो. त्या टाळ्या मला गोड लागत होत्या, दुसरं काही नाही.

इथवर लिहून नलिनीला वाचून दाखवलं. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमी फुकट काम केलाव, खरं हाय. पर घरात भाकर कुणाच्या पगाराची होती, ते कदी सांगितलाव का?”

सांगितलं नव्हतं. दम्याने ती बेजार असायची, शाळेची नोकरी सोडते म्हणायची. तेव्हा मी म्हणायचो, मग वसतिगृहाचं कसं होणार? ती इन्हेलर पिशवीत टाकून भालकीची बस धरायची.

आणखी एक लिहायचं टाळत होतो. माझ्या काळात अकरा मुली घरच्यांनी दहावीच्या आत लग्नासाठी नेल्या. दोघींच्या लग्नात मी अक्षताही टाकल्या, कारण वाईटपणा नको होता. तू तीन वर्षांत एकही जाऊ दिली नाहीस. त्यापायी लोकांच्या दारात शिव्या खाल्ल्यास. मी फुकट होतो म्हणून मला कोणी जाब विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही.

नव्वद हजार जास्त की कमी, यावर लोकांनी खुशाल भांडावं. पण माझ्याशी भांडावं. रविवारी हे सगळं उभं राहून सांगणार आहे. नलिनीही येणार आहे. वरच्या मजकुराची नक्कल आज सकाळीच चंद्रभागाबाईंना पाठवली, नाहीतर ऐनवेळी माझा चष्मा पुन्हा मळायचा.

राजीनामा सोबत परत पाठवतोय. माझं बोलणं ऐकूनही द्यावासा वाटला तर दे, मी अडवणार नाही. पण रविवारी ये.

नलिनीच्या पगारावर बत्तीस वर्षं फुकट सेवा केलेला,
अच्युतराव