गोठ्याचा भुसा

६ जाने., मंगळ.
तीन राजांचा सण झाला. आळीच्या मंडळाने नाताळचा गोठा उतरवला. यंदा गोठा आमच्या वाडीच्या तोंडाशी होता, रस्त्यावरून दिसावा म्हणून. मूर्ती पेटीत गेल्या, दिव्यांच्या माळा कोणाच्या तरी घरी, आणि लाकडाचा भुसा अकरा गोणी माझ्या अंगणात. न्या म्हटले तर म्हणतात, अंकल, कचऱ्यात टाका. त्या भुशावर बाळ येशू होता. फादरांनी येऊन पवित्र पाणी शिंपडले होते. कचऱ्यात टाका म्हणे. मार्था म्हणाली, जाळा. लग्नाला पन्नास वर्षे होत आली, धुराने माझा खोकला वाढतो हे अजून तिच्या लक्षात राहत नाही.

९ जाने., शुक्र.
भुसा मातीत घातला. बावखलाकडच्या, तळ्याच्या काठच्या सहा वाफ्यांत, सगळ्यांत चांगल्या मातीत. आशीर्वादाची वस्तू, पायाखाली येऊ नये. एकट्याने खणले, कमर धरली आहे.
इनास बावखलाच्या पलीकडे त्याच्या बांधावर उभा राहून बघत होता. धाकटा भाऊ, पण बघणे मुकादमाचे. म्हणाला, "दादा, कच्चा भुसा मातीत नको घालू. नारळाखाली ढीग कर, एक पावसाळा कुजू दे." मी म्हटले, वाटणी झाली तेव्हा अर्धी वाडी तुझी आणि अर्धी माझी झाली, मधले पाणी तेवढे दोघांचे. अक्कल वाटून घ्यायची राहिली होती काय? तो घरात गेला. मंडळाने गोठा त्याच्या दाराशी मांडला नाही, हे पोटात दुखते आहे. दुसरे काही नाही.

१२ जाने., सोम.
लाल माठ, पालक पेरले. वांग्याची रोपे लावली. कडेने चवळी टोकली. साखर वाढली आहे. डॉ. म्हणतात चाला. वाडीत चालतो ते काय मोजत नाहीत?

२ फेब्रु., सोम.
वाफे पिवळे. आधी पालक, मग वांगी. खालची पाने आधी पिवळी पडतात, मग वरची. माठ लाल असायचा तो विटक्या कापडासारखा. साठ वर्षे या मातीत हात आहेत, असे कधी पाहिले नाही. अतिवृष्टीच्या साली चार दिवस पाणी तुंबले होते तेव्हासुद्धा नाही.
मार्थाला दाखवले. म्हणाली, पाणी कमी घालता. तीन वेळा घालतो.

६ फेब्रु., शुक्र.
युरिया टाकला. चार दिवसांत हिरवे होईल असे दुकानदार म्हणतो.
संध्याकाळी इनास पाठीला फवारणीचा पंप लावून बांधाने चालला होता. माझ्याकडे बघून मान वळवली. वारा त्याच्याकडून माझ्याकडे. तेव्हा काही वाटले नाही. आता बसून लिहिताना वाटते.

१० फेब्रु., मंगळ.
थोडे हिरवे झाले आणि पुन्हा पिवळे. युरिया गेला कुठे? जमिनीने गिळला.
आज नीट पाहिले. सहाही वाफे मरायला टेकले आहेत आणि कडेची चवळी हिरवीगार. त्याच मातीत, त्याच पाण्यावर. तिचे एक रोप उपटले तर मुळांना बारीक गाठी, पुरळ आल्यासारख्या. म्हणजे औषध असे निवडले आहे की भाजी मरावी आणि चवळी तेवढी वाचावी, कोणाला संशय येऊ नये. डोके आहे. लहानपणापासून आहे.
कारणही आता कळले. डिसेंबरात सफेद गाडीतून जमिनीचा एक दलाल आला होता. दोन्ही अर्ध्या मिळाल्या तरच बिल्डरला जागा कामाची. मी नाही म्हटले. इनासला विचारले तर म्हणाला, बघू. बघू म्हणजे हो. माझी माती मेली की मी विकीन, असा हिशेब.

१५ फेब्रु., रवि.
बोललो. मिस्सा सुटल्यावर चॅपलच्या दारात, लोक होते तिथेच. म्हटले, इनास, माझ्या वाफ्यांवर विष मारलेस, सख्ख्या भावाच्या. तो म्हणाला, "कडुनिंबाचं पाणी होतं, मोगऱ्याला." मी म्हटले, मोगऱ्याला की बिल्डरला? कोणीतरी हसले. इनास हसला नाही. त्याची मुलगी रीना बाजूला उभी होती, मान खाली. ती शाळेत विज्ञान शिकवते. बापाने हे कुठून शिकले ते मला तिथेच कळले.
घरी येताना हलके वाटले. दारात आल्यावर मार्था म्हणाली, "तुमच्या आईने तुमचं तोंड शिवायला हवं होतं."

१६ फेब्रु., सोम.
सकाळी इनास बावखलाच्या पायरीवर उतरला. मी इकडच्या काठावर. ओंजळ भरली आणि प्यायला. पुन्हा भरली, पुन्हा प्यायला. पाण्यावर शेवाळ, कडेला बदकांची घाण. म्हणाला, "दोघांचं पाणी आहे. विष असेल तर आधी मी मरतो. मग दोन्ही अर्ध्या तुझ्या."
आपल्या बोलीत आणखी एक बोलला. ते लिहवत नाही.

१८ फेब्रु., बुध.
राखेचा बुधवार. फादरांनी कपाळाला राख लावली, माती असल्याची आठवण दिली. मला रोज असते.
इनास इस्पितळात. काल दुपारपासून जुलाब, ओकारी. सलाइन लावले आहे. आळीत कोणी माझ्याशी बोलत नाही.
हेही लिहून ठेवतो, कारण इथे खोटे लिहून काय करायचे. बातमी ऐकली तेव्हा पहिला विचार हा आला, की बघा, पाण्यात विष होतेच. बरे वाटले. काही क्षणच, पण वाटले.

२२ फेब्रु., रवि.
आला घरी. डॉक्टर म्हणाले, घाण पाण्यातले जंतू, विष नाही. बारीक दिसतो. मार्था जेवण देऊन आली, मला न विचारता.
दुपारी ठोकण्याचा आवाज. आमच्या मधल्या फाटकाला त्याने खिळे मारले. बापाने लावलेले फाटक, कधी कडीसुद्धा घातली नव्हती. मोजून सात खिळे. आणि सफेद गाडी त्याच्या दारात तासभर.

१ मार्च, रवि.
रीना आली. पुढच्या रस्त्याने फिरून, फाटक बंद ना. मी म्हटले, बापाने पाठवले? म्हणाली, "पप्पांना माहीत नाही, मोठे पप्पा. मला तुमचे वाफे बघायचे आहेत."
वाकून माती हातात घेतली. भुशाचे तुकडे तसेच्या तसे. हे कधी घातले म्हणून विचारले. सांगितले. ती तिथेच बांधावर बसली, शाळेत कोणी गणित चुकवल्यावर बसत असेल तशी.
तिने जे सांगितले ते समजले तसे लिहितो. मातीत जंतू असतात, चिमूटभर मातीत मोजता येणार नाहीत इतके. पडलेले पान, शेण, मुळे, सगळे तेच खातात. त्यातला नायट्रोजन मोकळा करतात, मग तो झाडाला मिळतो. झाड स्वतः काही कुजवत नाही, त्यांच्या पंगतीत उरलेले जेवते. मी त्यांच्यापुढे अकरा गोणी भुसा टाकला. "नुसता भात वाढलात, मोठे पप्पा. भुशात कालवण नाही. कालवण त्यांनी मातीतून ओढून घेतलं. पालकाच्या ताटातलं."
म्हटले, आणि युरिया? तोही त्यांनीच खाल्ला. मी म्हटले, म्हणजे मी किडे पाळले. म्हणाली, किडे नाहीत, डोळ्याला दिसत नाहीत. मी म्हटले, जे दिसत नाही ते एवढे खाते कसे? तेव्हा पहिल्यांदा हसली. अगदी इनाससारखी, डावा गाल आधी.
मग चवळी. हिला काय झाले नाही? रोप उपटून मुळाची एक गाठ नखाने फोडली. आत गुलाबी, हिरडीसारखी. त्या गाठीत दुसऱ्या जातीचे जंतू राहतात. ते हवेतला नायट्रोजन घेऊन चवळीला देतात, चवळी त्यांना साखर देते. तिला मातीच्या ताटाकडे बघावे लागत नाही.
मी म्हटले, मग विष? म्हणाली, "विषाने मेलेलं झाड असं नसतं. ही उपाशी आहेत." आणि तुमची माती मेलेली नाही, उलट जास्तच जिवंत झाली आहे, असेही म्हणाली. शेणाचे पाणी घाला, थांबा. भुसा संपला की ते जंतूही मरतील, खाल्लेले सगळे मातीत परत येईल.
किती दिवसांनी? त्यांच्या सवडीने.
चहा न घेता गेली.

२ मार्च, सोम.
शेणाचे पाणी घातले. मला पाचवीपर्यंत शाळा. पण साठ वर्षे शेती केली ती कोणाच्या जोरावर, हे काल एका पोरीने सांगावे लागले. मला वाटे मी पिकवतो.
इनासने खिळे माझ्या बाजूने मारले असते तर काढता आले असते.

३ मार्च, मंगळ.
युरिया कधी टाकला ते बघायला वही उघडली. मागची पाने चाळली. ९ जाने. पाशी थांबलो.
त्याने सांगितले होते. माझ्याच अक्षरात आहे. नारळाखाली ढीग कर, एक पावसाळा कुजू दे. त्याला जंतू माहीत नाहीत, नायट्रोजन माहीत नाही. बापाबरोबर तो जास्त राहिला, त्याला हे असेच माहीत होते. आणि मी त्याखाली लिहिले आहे, पोटात दुखते.
मार्थाला वाचून दाखवले. म्हणाली, "मला काय वाचून दाखवता?"

७ मार्च, शनि.
उपवासकाळाचे पापनिवेदन. फादरांना सगळे सांगितले, इस्पितळाची बातमी ऐकून बरे वाटले तेही. वाटले होते प्रार्थना सांगतील, दहा, वीस, म्हणून टाकू. ते म्हणाले, "बोललात चॅपलच्या दारात. परत घ्यायचं ते माझ्या कानात घेऊन चालेल का?"
तरुण आहेत. यांना सोपे आहे.

११ मार्च, बुध.
गेलो. रस्त्याने फिरून, चालायला निघालो असे दाखवत. इनास ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होता. मी उभा. तो निवडत होता. चूक झाली म्हणायचे, दोन शब्द. तोंडातून निघाले, साखर तपासलीस का?
"कोणाची?"
म्हटले, तुझी.
"मला साखर नाही. तुला आहे."
म्हटले, हो. आणि परत आलो. या वयात पाय इतके भरभर पडू शकतात हे माहीत नव्हते.

१६ मार्च, सोम.
रीनाचा फोन. पास्काच्या, ईस्टरच्या सणानंतर पप्पा कागदावर सही करणार आहेत. आधी नव्हते करणार. दलालाला दोनदा नाही म्हणाले होते, डिसेंबरातच. म्हणजे माझ्याआधी. मी विचारले, मग आता का? ती म्हणाली, तुम्ही मला विचारता?
एक अर्धी गेली तर दुसरी किती दिवस? आणि बावखल आधी बुजवतील. मातीचे डंपर लागतात फक्त.

१९ मार्च, गुरु.
संत योसेफाचा सण. सकाळी पाहिले. पालकाच्या मधल्या पानांना हिरवा रंग येतो आहे. सगळ्या नाही, दोन वाफ्यांत. वांगी गेली ती गेली. चवळीला शेंगा भरल्या, या वर्षी वाडीने दिले ते एवढेच. शेंगा तोडून घेतल्या, मुळे मातीत राहू दिली. रीना म्हणाली होती.
मार्थाला म्हटले, शेंगा इनासकडे देऊन ये. म्हणाली, माझे पाय दुखतात. तिचे पाय कधी दुखत नाहीत.
तोंडाने मला जमणार नाही. ११ तारखेला कळले. तेव्हा ही वहीच देतो. सकाळपासून खोडायला बसलो होतो. मुकादम, बिल्डर, डोके आहे, १८ फेब्रु.चे ते. एवढे खोडले असते तर वही चांगली दिसली असती. मग वाटले, ते खोडले तर ९ जानेवारी त्याला खरी वाटणार नाही. आत्ताच लिहून घातली म्हणेल. म्हणून काही खोडले नाही. आणि त्याने हो म्हटले तर रविवारी चॅपलच्या दारात लोकांसमोर मीच वाचीन, मोठ्याने. नाही म्हटले तरी वाचीन बहुतेक.
पिशवीत खाली वही, वर शेंगा. फाटकाच्या खिळ्याला अडकवतो, वरून हात घातला की त्याला पोचेल. एक खिळा आरपार येऊन इकडे निघाला आहे, आज दिसला.
इनास, आधी ९ जानेवारी वाच. चष्मा लावून. बाकीचे वाचायचे की नाही ते तू ठरव. मी इकडे बावखलाच्या पायरीवर बसलो आहे.