बिटाचा रंग

आरोही,

बाबांना घेऊन अलिबागला डॉक्टरांकडे जातेय. तुझे काका आतड्याच्या कॅन्सरने गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पालेभाज्या, रंगीत भाज्या खा, धोका कमी होतो. तेव्हापासून बाबा रोज बीट खायला लागले. संडासात लाल दिसलं की म्हणायचे, "अगं, बिटाचा रंग हाय तो." मीही तेच खरं धरलं.

पण गणपतीपासून घरात बीट आलेलंच नाही. आज सकाळी मी स्वतः पाहिलं, सगळं रक्त होतं. विचारलं तर खाली बघत म्हणाले, "मला ठाव होतं."

वरच्या खोलीतले पाहुणे उठले की त्यांना पोहे दे. मला फोन करू नकोस, बाबांसमोर नीट बोलता यायचं नाही.

आई