बिननावाची नावचिठ्ठी

ओलोमोऊत्स, १४ मार्च १९९५

चि. ओतकार यास, ब्लाझेना आत्याचे आशीर्वाद, रागासकट.

आज मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मी तुझ्या हाब्रोवित्सेच्या वाचनालयात सुईणबाई ह्रूबावांचं पाककृतींचं पुस्तक उघडलं. आतल्या पुठ्ठ्यावर बाबांनी लाकडात कोरून छापलेली नावचिठ्ठी असायची: करकोचा, चोचीत कात्री, खाली ‘हे पुस्तक क्वेता ह्रूबावा हिचं’. आज तिथे नुसता पांढरा चौकोन होता. आणखी नऊ पुस्तकं उघडली. नऊ चौकोन.

तुमच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, साहेबांनी सगळ्या चिठ्ठ्या सोडवून घेतल्या, आणि ही पुस्तकं चोवीस तारखेच्या रद्दीच्या गाडीत जाणार. साहेब म्हणे सभेला गेले होते.

कम्युनिस्ट सरकारने बाबांच्या कथा छापायला बंदी घातली तेव्हा त्यांनी हे ठोकळे कोरले. गावात कुणाकडे कोणतं पुस्तक आहे, ते पाहून प्रत्येकाची थट्टा केली. पुढे लोकांनी तीच पुस्तकं वाचनालयाला दिली. स्वतःच्या आजोबांचं काम सोलून काढायला हात कसा धजला? फोन करत नाही, कारण फोनवर तू हसून वेळ मारून नेतोस. लिहून कळव.

तुझी आत्या (अजून तरी)

हाब्रोवित्से, १७ मार्च

ती. आत्यास, ओतकारचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र तुझ्या भाचेसुनेने, मिलेनाने, मोठ्याने वाचून दाखवलं, तेही जरा जास्तच मन लावून. तिचा दमा आता बरा आहे.

आत्या, मागच्या खोलीचं छप्पर दोन हिवाळे गळतंय. अर्जांना उत्तर नाही. पुस्तकांना बुरशी लागली आहे आणि चिठ्ठ्यांखालच्या खळीवर कसर पोसते आहे. आणखी एक पाऊस झाला असता तर चिठ्ठ्याही गेल्या असत्या. आजोबांनी मला लहानपणी तिकिटं सोडवायला शिकवलं होतं तसंच केलं: ओला टिपकागद ठेवायचा आणि धीर धरायचा. दोनशे बारा चिठ्ठ्या एकही न फाटता निघाल्या. त्यांचा अल्बम जिल्ह्याचं संग्रहालय ठेवून घेणार आहे. ती पुस्तकं मात्र पंधरा वर्षांत कुणी नेलेली नाहीत.

एक चूक कबूल करतो. कोणती चिठ्ठी कोणत्या पुस्तकातली, हे टिपून ठेवायचं घाईत राहून गेलं.

एक चिठ्ठी अल्बमबाहेर ठेवली आहे. तिच्यावर पिवळी रानफुलं आहेत, खाली ‘हे पुस्तक’ एवढंच, आणि पुढची जागा कोरी. बिघडलेला छाप असावा. तुला हवी का? सोबत खसखशीचे पाव पाठवतो.

रागावलीस तरी दार उघडं ठेव,
ओतकार

ओलोमोऊत्स, २० मार्च

चि. ओतकार यास आशीर्वाद.

पाव पोचले. खसखस इतकी मोजून घातली आहे की ते मिलेनाचे नव्हेत, तुझेच. छपराचं मला ठाऊक नव्हतं. तेवढं माझं चुकलं. असं वाक्य मी वर्षातून एकदाच लिहिते, जपून ठेव.

पण दारावरची पाटी काढून कपाटात ठेवली म्हणजे घर राखलं असं होत नाही. त्यातल्या बहुतेक चिठ्ठ्या मी सुट्टीत घरी आले की माझ्या हाताने चिकटवत असे. कोणती कुठली ते मी सांगेन.

ती कोरी चिठ्ठी बिघडलेली नाही.

मठातल्या शाळेत सिस्टर रेमिगिया आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवत. बाबांचा देवावर विश्वास नव्हता, पण बाईंवर होता. एकोणपन्नास साली त्यांनी बाईंच्या रानफुलांच्या पुस्तकासाठी चिठ्ठी कोरायला घेतली, तर बाईंनी नावाला नकार दिला. स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही, अशी त्यांची शपथ. बाबा म्हणाले, मग नावाची जागा तेवढी राहू दे. चिठ्ठी बाईंनी ठेवून घेतली.

पुढच्या सप्टेंबरात सरकारने मठ बंद करून सगळ्या सिस्टरांना बसमध्ये बसवून नेलं. जाताना बाईंनी ते पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “हे माझं नव्हतंच, तेव्हा तुला देते असंही म्हणता येत नाही. तू सांभाळ.” त्या परत आल्या नाहीत. मी ते वाचनालयाला दिलं. जे कुणाचंच नाही ते ठेवायची दुसरी जागा मला माहीत नव्हती.

त्यांचा फोटो नाही, कबर कुठे ते कुणी सांगत नाही. समासात त्यांची पेन्सिल आहे आणि आतल्या पुठ्ठ्यावर ती चिठ्ठी होती. पुस्तक गेलं तर तुझ्या हातात नुसतं फुलांचं चित्र राहील, आणि तू म्हणतोस तसा तो बिघडलेला छापच ठरेल.

हिरवी कापडी बांधणी, कणा उसवलेला. आजच ढिगात शोध. बुरशीची काळजी करू नकोस. मी पाच वर्षांची असल्यापासून धूळ झटकते आहे. आणि त्या कोऱ्या जागेवर पेन्सिलीनेसुद्धा बाईंचं नाव लिहू नकोस.

मायेत कमी नाही, पण गुरुवार २३ तारखेला दुपारी बारा वाजायच्या आत पुस्तक सापडल्याचं मला लेखी कळव. नाहीतर शुक्रवारी गाडीच्या आधी मी तिथे पोचेन, आणि आपण दोघं मिळून तो ढीग उपसू.

आत्या