वेल्ह्यावर दोन घिरट्या

५ जानेवारी
पुतणी फिजाच्या लग्नात भर पंगतीत साडू खालिद म्हणाला, "भाईंना स्कूटर झेपत न्हाई." सगळे हसले. कारण काय, तर काल पुण्यात तो मागं बसला होता आणि पोलिसानं मला पकडलं. म्हणे लाल सिग्नल तोडला. सिग्नल हिरवा होता. माझं भोरात मॅचिंग सेंटर आहे, मला रंग शिकवतात! खालिदला सोडणार नाही.

६ जानेवारी, पहाटे
ठरलं. स्कूटर झेपत नाही काय? विमान चालवीन. प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढायचं. मग वेल्ह्याला खालिदच्या नव्या दुकानावर दोन घिरट्या. इतक्या खालून, की टांगलेल्या साड्या तोरण्यावर जाऊन पडाव्यात.

१९ जानेवारी
फ्लाइंग क्लबच्या बाई फोनवर म्हणाल्या, आधी मेडिकल करा. मेडिकल किरकोळ. बीपी नाही, शुगर नाही. आधी अभ्यास. सोजराबाईंनी ब्लाऊजपीस मागितला, मी पायलटसारखं "रॉजर" म्हणालो. त्या म्हणाल्या, "रोज न्हाई, आजच पायजे."

२ फेब्रुवारी
सोजराबाई पीस परत घेऊन आल्या. म्हणे साडी हिरवी, पीस तपकिरी. डोळे तपासून घ्या म्हटलं. जमीलानं मला चहाला पिटाळलं आणि पीस बदलून दिला. बायकोच अशी मऊ, मग गिऱ्हाइकं डोक्यावर बसणारच. यामागे खालिदची फूस आहे.

११ फेब्रुवारी
पुस्तकात लिहिलंय, विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा, उजव्यावर हिरवा. चित्रात दोन्ही सारखेच. छपाई भिकार. खालिदला व्हॉइस मेसेज टाकला, विमानानं घिरट्या घालायला येतोय, दुकानाचा पत्रा घट्ट बांधून ठेव. उत्तर आलं, घिरट्या नंतर, आधी चहाला या. घाबरलाय.

३ मार्च
पुण्यात मेडिकल. डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक उघडून आकडा विचारला. आकडा नव्हताच, ठणकावून सांगितलं. पान उलटलं, पुन्हा नुसते ठिपके. मग तो म्हणाला, तुम्हाला लाल-हिरवा ओळखू येत नाही, लायसन्स विसरा.

एसटीनं घरी. जमीलाला सांगितलं. तिला काही वाटलं नाही. म्हणाली, "आवो, मला निका झाल्यापासून ठावं हाय. तुमी जेवाया गेला की मी पिशव्यांतले पीस बदलते."

आणि खालिद?

"त्यांनाबी ठावं हाय. म्हणून तर पंगतीत स्कूटरचं बोलले. रंगाचं बोलले असते तर दुकानात कोण आलं असतं?"

म्हणजे खालिदनं माझी अब्रू राखली. हे मी त्याला कधीच माफ करणार नाही.