नटावर टेकलेलं बोट

प्रिय टकटक,

त्या फोनला आज तीन आठवडे झाले. तेव्हापासून तू माझ्याशी एक अक्षर बोललेली नाहीस आणि तुझी आईही घरात कामापुरतंच बोलते. तुझा राग रास्त आहे. तो जावा म्हणून नाही, पण खरं काय ते तुला कळावं म्हणून लिहितोय. फार थकलोय गं, पण हे लिहिल्याशिवाय आडवा होणार नाही.

आधी डेपोतली बातमी, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते. शनिवारपासून मी बस तपासत नाही. एकतीस वर्षं रोज सकाळी बावीस बस: टायर, ब्रेक, दिवे, संकटकाळचं दार आणि शेवटी छोटी हातोडी घेऊन चाकाचा एकेक नट. शाळेला सुट्टी असली की तू माझ्या मागे मागे यायचीस, आठवतं? नट घट्ट असला की हातोडी टणकन वाजते, सैल असला की आवाज बसका येतो. तू डोळे मिटून 'घट्ट, घट्ट, सैल' ओरडायचीस आणि कधी चुकायची नाहीस. मग घरी येऊन भांडी, कपाटं, माझं टक्कल, सगळं तपासून काढायचीस. तुझं हे नाव तिथूनच पडलं.

तो फरक मला दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. उजवा कान पार गेलाय, डावा लहर लागली तर साथ देतो. कुणाला पत्ता लागू दिला नाही. नटाच्या एका बाजूला बोट टेकवायचं आणि दुसऱ्या बाजूने हातोडी मारायची. सैल नट बोटाखाली हलतो. त्या एका बोटावर मी दोन वर्षं रेटली. तुझ्या आईसमोर मान डोलवायची, फोनवर 'हो हो, छान' म्हणायचं, तेही त्यातलंच. म्हातारा झाला असं कुणी म्हणू नये म्हणून हा सगळा उपद्व्याप. लाज वाटायची, दुसरं काय.

गेल्या शुक्रवारी ते बोट कापलं होतं, वर जाड पट्टी होती. चौदा नंबरची चाकं तपासली आणि कागदावर 'सर्व ठीक' लिहून सही ठोकली. प्रवासी बसले होते. ड्रायव्हर आपला उंटराव, लहानपणी तू ज्याच्या खांद्यावर बसायचीस तो. तो खाली उतरला, माझ्या हातातली हातोडी घेतली, पुढच्या चाकावर मारली आणि माझ्या डाव्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, सैल वाजतोय की हा. ऐकू नाही आलं तुम्हाला?" एक नव्हे, तीन नट सैल निघाले. खिडकीशी एक बाई पोटावर हात ठेवून डुलकी काढत होती, सात-आठ महिन्यांची गरोदर असेल. तिथेच उंटरावला सगळं सांगितलं, मग साहेबांना, आणि हातोडी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.

परक्यांना सांगितलं आणि तुलाच नाही, हे काही बरं नव्हे. त्या दिवशी तू फोनवर रडत होतीस, ते मला ऐकूच आलं नाही. वाटलं, डॉक्टरांकडून आलीस आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगतेयस. म्हणून मी म्हणालो, 'छान झालं, आता आराम कर.' बाळ गेलं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तुझ्या आईने "असं कुणी बोलतं का लेकीशी?" असं विचारलं तेव्हा. तेव्हाही मी गप्प बसलो. बहिरा ठरण्यापेक्षा निर्दयी ठरणं मला सोपं वाटलं, टकटक. याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. रविवारी सकाळच्या बसने येतोय. दार उघडावंसं वाटलं नाही तर पायरीवर बसेन. उघडलंस तर माझ्या डावीकडे बस आणि ते पुन्हा सांग. सांगवलं नाही तर नुसती रड, फक्त हात माझ्या हातात असू दे. मला कळेल.

तुझाच,
एका कानाचा बाबा