बाबांच्या थडग्यावर काय कोरायचं

प्रिय व्हर्ना,

तुझ्या बाबांना जाऊन चौदा महिने झाले. त्यांचा कोट अजून खुंटीवरच आहे. काढला की भिंत बोडकी दिसते, म्हणून पुन्हा अडकवते. वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणते. शाळा माझी पाचवीपर्यंतच, पण मूर्खांबद्दल शहाण्यांनी काय लिहिलंय ते समजायला तेवढी पुरते. या महिन्यात तर ते वाचन फारच कामी आलं.

कारण गावाची स्मारक समिती घरी आली. म्हणजे बँकेतला ट्रिपलेट आणि त्याच्यामागे मान डोलावणारे दोघं. माझा केक संपवून ट्रिपलेटने सांगितलं, गावाला आपल्या संगीतकाराचा अभिमान आहे, थडग्यावर नवा दगड बसवू: 'एमेट हास्कॅम्प, रॅगटाइमचे रचनाकार.' याच ट्रिपलेटची आई रॅगची ती उडती, ठेका धरायला लावणारी पियानोची धून कानावर पडली की धाडधाड खिडक्या लावायची, सैतानाचं वाजवणं म्हणून. आता सैतानाला दगड मिळतोय! मी म्हटलं, "ते सगळे रॅग माझे आहेत." त्याने माझा हात थोपटला. "दुःखात असं होतं हो, बाई." बशी डोक्यात घालणार होते, बशी चांगली होती म्हणून वाचला.

तुला ठाऊक आहे, मी वाद्यांच्या दुकानात पियानोपाशी बसून गिऱ्हाइकांना नवी गाणी वाजवून दाखवायची; आवडलं की ते त्या सुरांची छापील पानं विकत घेत. माझा पहिला रॅग सेंट लुईसच्या एका प्रकाशकाने ऐकला, खूश झाला आणि म्हणाला, "बाईच्या नावावर भजनं खपतात, हे नाही खपायचं. नवऱ्याचं नाव काय?" मी सांगून मोकळी झाले. छापून यायची एवढी घाई! तो मूर्खपणा माझा, कुणावर ढकलत नाही. मग माझाच रॅग मी दुकानात वाजवायची आणि बायका म्हणायच्या, "नवऱ्याचं किती छान वाजवता!"

बाबा बिचारे खोगिरं शिवणारे. सूर आणि शिंक यांतला फरक त्यांना कळत नव्हता. एकदा जत्रेत लोकांनी त्यांना पियानोकडे ढकललं. तेव्हापासून ते दर जत्रेला उजव्या हाताला पट्टी बांधून जायचे. गाव म्हणायचं, "कलावंत हात जपतो!" सात वर्षं तीच पट्टी, आणि एकाही गाढवाला शंका आली नाही. घरी ती सोडताना बाबा म्हणायचे, "लॅव्ही, सांगून टाकू या गं." मीच नको म्हणायची. पानं खपत होती.

जाताना ट्रिपलेटने खिशातून एक पत्र काढून दाखवलं. तुझं. 'वडील गुणगुणत आणि आई ते लिहून घेई.' व्हर्ना, तू माझ्या पायांशी, पियानोखाली बसून बाहुल्या खेळलीस. तुझ्या बाबांना गुणगुणताना तू कधी ऐकलंस? संगीतकाराची मुलगी म्हणून मिरवायचं असेल तर मिरव, ती तू आहेसच. शुक्रवारी दगड कोरायला जाईल. माझं तिथे कुणी ऐकत नाही, तुझं ऐकतील. ते पत्र मागे घे. त्यांना लिही, एमेट हास्कॅम्पने तीस वर्षं खोगिरं शिवली आणि एकाचीही शिवण उसवली नाही. कोरायचं तर तेवढं कोरा. माझं नाव कुठे नसलं तरी चालेल. पण जो माणूस माझ्यापायी जिवंतपणी लाजला, त्याला मेल्यावर लाजवू नका.

तुझीच, आणि त्या सगळ्या रॅगांचीही,
आई