चाळीच्या विहिरीचं पाणी

मंगळवार, लालबाग

आज मी सावंतकाकांच्या हातातला ग्लास हिसकावून घेतला, अख्ख्या चाळीसमोर. ते सत्तरीपुढचे, चाळीचे सेक्रेटरी. मी पाणी तपासणारी कालची पोर.

शेजारच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानातलं रसायन चाळीच्या विहिरीत उतरलंय. मी बसवलेल्या टाक्यांत पाणी आधी लोखंडाच्या चुऱ्यातून जातं, मग कोळशातून. वास गेला म्हणून काका सगळ्यांना पिऊन दाखवत होते. "बघ गो बाय, गोड लागतंय!"

वास गेला म्हणजे विष गेलं का? लोखंड ते रसायन तोडतं, पण अर्धवट तुटलं तर जे उरतं ते जास्त विषारी, आणि कोळशालाही ते नीट धरता येत नाही.

संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट आला. नेमकं तेच उरलंय. पाणी लोखंडात आणखी वेळ थांबायला हवं. पंप बंद केला आणि काकांना सांगायला गेले. वाटलं, भडकतील. पण ते काकूंकडे बघत हळूच म्हणाले, "सकाळी हिलापण दिलेला एक ग्लास."

"एका ग्लासाने काही होत नाही, काका," मी म्हटलं. खरंच आहे ते. मग घरी येऊन मी तो रिपोर्ट पुन्हा का वाचला?